टोपल्यात परत गेलेली भाकर

"काकू, मी कार्ब्ज सोडले."

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझं डोकं तापतं. अमरावतीत गाडगेनगरात आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत चार मुली भाड्यानं राहतात. दोघी पोलीस भरतीच्या मागे आहेत, एक बी.एस्सी.ला आहे, एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रात्री चौघी खाली माझ्याकडे जेवतात. अकोल्यात गृहअर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे कोणाच्या ताटात काय उरलं इकडे माझं लक्ष जातंच. मागच्या उन्हाळ्यात भरतीवाल्या दोघींपैकी एकीनं वाढलेली भाकर उचलून टोपल्यात परत ठेवली, वरणाची वाटी बाजूला सरकवली आणि काकडीच्या चार फोडी पुढ्यात घेऊन बसली.

जिममधल्या ट्रेनरनं तिला मोबाइलवर चार्ट पाठवला होता. सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी, दुपारी सॅलड आणि 100 ग्रॅम पनीर, रात्री सूप. भाकर, पोळी, भात, वरण, आलू, केळी, सगळ्यांवर फुली. पनीर रोज परवडत नाही म्हणून ते तिनं स्वतःच गाळलं होतं. मग उरलं काय? पहाटे मैदानावर दोन तास धावणं, आणि काकडी.

"10 दिवसांत 3 किलो उतरलं, काकू." हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. जिना उतरताना तिनं कठडा धरला होता, तेही मी पाहिलं होतं.

राग मला या मुलीचा नाही. ज्या मताच्या भरवशावर तो चार्ट लिहिला गेला त्या मताचा आहे. ते मत मी आधी त्याच्या सगळ्या जोरानिशी मांडते, म्हणजे सोयीचं तेवढंच खोडलं असं कोणी म्हणायला नको. ते असं: कर्बोदकं खाल्ली की रक्तात साखर वाढते. साखर वाढली की इन्शुलिन सुटतं. इन्शुलिन हे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक. म्हणून भाकर-पोळी खाणाऱ्या पोरीच्या अंगावर चरबी चढते आणि भाकर सोडली की उतरते. आपल्याकडच्या बाया जाड झाल्या त्या धान्य खाऊन. विश्वास बसत नसेल तर आठ दिवस सोडून बघा आणि काट्यावर उभं राहा.

काट्यापासूनच सुरुवात करू. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. 3 किलो म्हणजे 23,100. एवढी चरबी 10 दिवसांत जळायची तर रोज 2,310 कॅलरींची तूट पडली पाहिजे. आयसीएमआरच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलो वजनाच्या, मध्यम कष्ट करणाऱ्या बाईची दिवसभराची सगळी गरज 2,130 धरली आहे. म्हणजे आमच्या या मुलीनं 10 दिवस नुसत्या पाण्यावर काढले असते, तरी 3 किलो चरबी गेली नसती. मग काट्यावरून उतरलं ते काय?

बरंचसं पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. कर्बोदकांची ही शरीरातली शिदोरी, आणि तिच्या दर ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की ही शिदोरी चार-पाच दिवसांत रिकामी होते. 400 ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्याचं 1,200 ग्रॅम पाणी, झाले 1.6 किलो. चरबीला अजून नीट हातही लागलेला नाही आणि काटा दीड किलोनं खाली. पुढं कधी गावी जाऊन मुलगी दोन दिवस आईच्या हातचं पोटभर जेवते. शिदोरी पुन्हा भरते, पाणी परत येतं, काटा दीड किलोनं वर जातो. मग ती घाबरून सांगते की भाकर खाल्ली अन् दोन दिवसांत जाड झाले. या एका गैरसमजापायी किती मुली जन्मभर भाकरीला भिऊन राहणार आहेत, याचा चार्ट लिहिणाऱ्यांनी कधी विचार केलाय?

पाण्यानंतर जे जातं ते जास्त मोलाचं असतं. एकट्या मेंदूला दिवसाला 100 ग्रॅमच्या वर ग्लुकोज लागतं. ते ताटातून आलं नाही तर शरीर प्रथिनं मोडून बनवतं. ताटात प्रथिनंही नसतील तर मोडायला उरतो स्नायू. ज्याचं खाणं अंडी, मासे, चिकन यांवर चालतं त्याची गोष्ट वेगळी. वऱ्हाडातल्या शाकाहारी घरातल्या, महिन्याचे पैसे मोजून मिळणाऱ्या मुलीच्या ताटातून भाकर गेली की तिच्यासोबत वरण जातं, पिठलं जातं, भाजीही निम्मी होते, कारण भाजी नुसती कोण खातं? भाकरीच्या जागी काहीच येत नाही. तिच्या डाएटला लो-कार्ब म्हणणं हीच मुळात फसवणूक आहे. ती उपासमार आहे.

शिवाय वजन आणि शरीराची घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कधीपासून सांगत आहेत. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांमध्ये 21.2 टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे असतो, ते याहून सोपं करून कोणी दाखवलेलं नाही. अशा शरीराला कमी काय पडतं? स्नायू. आणि ज्या चार्टानं स्नायूच झिजणार आहे तो आपण पोरींच्या हातात देतो, वर काटा उतरला म्हणून त्यांची पाठ थोपटतो. काट्यावर 3 किलो कमी झालेल्या मुलीत चरबीचं प्रमाण आधीपेक्षा जास्त निघू शकतं, हे त्या ट्रेनरला ठाऊक आहे का?

आता इन्शुलिन. हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला तो डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणातून आणि पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांतून. त्यांनी काय सांगितलं आणि जिममध्ये त्याचं काय झालं यात फार अंतर आहे. इन्शुलिन फक्त कर्बोदकांनीच सुटतं, ही समजूत तर 1997 सालीच मोडली. सिडनीत सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापानं लोकांना खाऊ घालून इन्शुलिन मोजलं. माशांनी ते पास्त्यापेक्षा जास्त वाढवलं. म्हणून मासे खाऊन माणसं जाड होतात असं आजवर कोणी म्हटलंय का? मग भाकरीवरच हा खटला कशासाठी?

त्याहून नेमका प्रयोग 2015 मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी केला. 19 लठ्ठ माणसांना संस्थेतच ठेवून घेतलं, घास न् घास मोजला. एकदा त्यांच्या जेवणातली कर्बोदकं कापली, एकदा तेवढ्याच कॅलरींचं तेल-तूप कापलं. कर्बोदकं कापल्यावर इन्शुलिन खरोखरच खाली आलं. तेल-तूप कापल्यावर ते हललंही नाही. इन्शुलिनवाल्यांचं म्हणणं खरं असतं तर पहिल्या वेळी चरबी धो-धो जळायला हवी होती. झालं उलटं. कर्बोदकं कापल्यावर दिवसाला सुमारे 53 ग्रॅम चरबी कमी झाली आणि तेल-तूप कापल्यावर 89 ग्रॅम.

प्रयोग थोड्या दिवसांचा होता, असं कोणी म्हणेल. तर वर्षभराचा घ्या. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 18 ते 50 वयाच्या 609 जणांचे दोन गट केले. एकानं कर्बोदकं कमी केली, दुसऱ्यानं स्निग्ध पदार्थ. दोघांनाही साखर आणि मैदा टाळून घरचं साधं अन्न खायला सांगितलं होतं. 2018 मध्ये निकाल छापून आला. एका गटाचं सरासरी 6 किलो उतरलं, दुसऱ्याचं 5.3. हा फरक धरण्याजोगा नाही, असं संशोधकांनीच लिहिलं. कोणाच्या अंगात इन्शुलिन जास्त सुटतं हे आधी मोजून ठेवलं होतं, त्यावरूनही कोणाला कोणतं जेवण मानवेल ते सांगता आलं नाही. या निकालाला इतकी वर्षं झाली, आणि आमच्याकडे भाकर अजून आरोपीच्या पिंजऱ्यात.

या वादात समोरच्यांकडं एक खरोखर भारी पत्ता आहे, तो मी लपवणार नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह पाहणीवरून 2025 मध्ये असं दाखवलं गेलं की भारतीयांच्या सरासरी 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनं फार थोडी. त्यात असंही आहे की नुसतं तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणून मधुमेहाचा धोका हटत नाही, एकूण कर्बोदकं थोडी खाली येऊन त्या जागी प्रथिनं यावी लागतात. मला हे सगळं मान्य आहे. पण ते नीट वाचा. कर्बोदकं पन्नास टक्क्यांच्या आसपास आणा, असं त्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. पन्नास टक्के म्हणजे किती? 2,000 कॅलरींच्या जेवणात 250 ग्रॅम.

भाकर मी घरच्या काट्यावर तोलून पाहिली आहे. माझ्या एका भाकरीला 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं. कढत पाण्यानं मळून, परातीत थापून, तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवून ती फुगते, तेव्हा तिच्यात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं, 6 ग्रॅम प्रथिनं, 6 ग्रॅम तंतू आणि 200 कॅलरी असतात. म्हणजे ज्या अहवालाच्या आधारानं भाकरीला फुली मारली जाते, त्याच अहवालाच्या हिशेबात दिवसाला सहा भाकरींइतकी कर्बोदकं बसतात! त्यातली थोडी वरणाला, दुधाला, फळाला दिली तरी सकाळ-संध्याकाळच्या दोन-दोन भाकरी कुठंच जात नाहीत. जे कमी आहे ते आहे वरण. ज्वारीत लायसीन कमी असतं, ते डाळ भरून काढते. वरण-भाकरीची जोडी आपल्या बायांनी कोणत्याही तक्त्याशिवाय जुळवली होती. मग चार्टात वरणावर फुली का? दोन वाट्या घट्ट वरण वाढवा, असं एकाही चार्टात लिहिलेलं मला का दिसत नाही?

आणि चरबी चढवणारं जे खरोखर वाढलंय त्याचं नाव कोणी घेत नाही. चौकातला आलूबोंडा, कचोरी, चहासोबत बिस्किटं, दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, रविवारी तेलाचा तवंग असलेली हॉटेलची भाजी. केविन हॉल यांच्याच 2019 च्या प्रयोगात कारखान्यात बनलेले पाकीटबंद पदार्थ खाणारी माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. ताटांत मांडलेली साखर, मीठ, चरबी, कर्बोदकं दोन्हीकडे सारखी ठेवलेली होती. मैद्याचं बिस्कीट आणि ज्वारीची भाकर यांना 'कार्ब्ज' या एकाच शब्दात कोंबलं की असली भेसळ दिसेनाशी होते. भाकर टोपल्यात परत ठेवणारी मुलगी संध्याकाळी भूक असह्य होऊन बिस्किटांचा अख्खा पुडा संपवते आणि रात्री रडते. माझ्या घरात हे घडलं आहे.

"पण काकू, आजी वावरात राबायची म्हणून तिला भाकर पचायची, आम्ही बसून असतो," असं एकीनं मला सुनावलं. आजीचे गोडवे मी गाणार नाही. निंदण, कापसाची वेचणी, पहाटेचं जातं, आणि उरलंसुरलं ते तिच्या ताटात. आमच्या आज्या काटक होत्या तशा रक्तानं कमीही होत्या. पण बसून राहण्यावर भाकर सोडणं हा उतारा कसा होईल? बसून असाल तर उठा. ज्या गावात 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, ज्या मंडळाचं पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं, त्या गावात मुलींना शरीर कमवा असं सांगायचं सोडून शरीर कमी करा असं सांगितलं जातंय. मला याची लाज वाटते.

आणि वरच्या दोन मुली तर बसूनही नाहीत. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धाव, 100 मीटर धाव आणि गोळाफेक असते. तीन मिनिटांच्या आसपासची जिवाच्या आकांताची धाव चरबीवर होत नाही. चरबी हळूहळू जळते, एवढ्या वेगाला ती पुरी पडत नाही. तिथं लागतं स्नायूंतलं ग्लायकोजेन, तीच ती शिदोरी. भाकर सोडणाऱ्या मुलीची 800 मीटरची वेळ सुधारायची सोडून 14 सेकंदांनी बिघडली. ट्रेनरनं सांगितलं, अजून दोन किलो उतरव, मग पळशील.

मग तिसऱ्या महिन्यात ती खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, पाळी आलीच नाही. आधी तिला वाटलं बरंच झालं, धावताना त्रास नाही. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. हिमोग्लोबिन 9 च्या खाली होतं.

हे का होतं ते 2003 पासून माहीत आहे. ॲन लाउक्स यांनी तरुण मुलींवर अभ्यास करून दाखवलं की व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोला 30 कॅलरीही मिळाल्या नाहीत तर पाच दिवसांत पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडू लागते. पाच दिवसांत! आमच्या मुलीचं वजन 52 किलो. चरबी सोडून 39 धरा. 39 गुणिले 30, म्हणजे 1,170, आणि धावण्याच्या कॅलरी त्यावर वेगळ्या. तिचा चार्ट, पनीर धरूनही, याच्या जवळपास फिरकत नव्हता. शरीरानं हिशेब केला आणि जे थांबवता येईल ते थांबवलं. हाडांची भरती विशी संपेपर्यंतच होते आणि पाळी बंद असताना तीही अडते. हा तोटा पुढं चाळिशीत कोणत्या गोळीनं भरून काढायचा?

पीसीओडी असलेल्या मुलींना तर भाकर सोडणं हाच इलाज म्हणून सांगितलं जातं. या आजारावरच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत साफ लिहिलंय की कोणतीही एक आहारपद्धत दुसरीपेक्षा सरस ठरलेली नाही. मधुमेह झालेल्या माणसानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्बोदकं कमी केली तर फायदा होतो, ते मी नाकारत नाही. पण 21 वर्षांची, 52 किलोची, रोज दोन तास धावणारी मुलगी मधुमेही आहे का? तिचं वजन मुळात जास्त होतं का?

नव्हतं. इथंच या सगळ्या 'शास्त्रा'चं पितळ उघडं पडतं. घरी स्थळं पाहणं सुरू झालंय, म्हणून बारीक दिसायचंय. मावशी म्हणते, पोरगी भरलेली दिसते. पाहुण्यांसमोर फोटो जातो. आरोग्याची भाषा वर आहे, आत तीच जुनी पोरगी पाहायची बैठक. आणि ही बैठक भरते कुठं? ज्या महाराष्ट्रात 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांमध्ये रक्त कमी निघालं, दर पाचांतली एक बाई हवी त्यापेक्षा बारीक निघाली, तिथं. ज्या अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे तालुके आहेत, मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या 1990 च्या दशकापासून थांबलेल्या नाहीत, तिथं. जाडीही वाढलीय, त्याच पाहणीत 23.4 टक्के बाया जाड निघाल्या. पण एकाच राज्यात हे दोन्ही आहे म्हणूनच समोर कोण उभी आहे ते न पाहता सगळ्यांना एकच चार्ट पाठवणं हा गुन्हा आहे. मी हा शब्द विचार करून वापरते.

चार्ट लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी तिला विचारा, पाळी कधी आली होती. हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं. रोज किती धावतेस. घरून महिन्याला किती पैसे येतात आणि त्यात पनीर बसतं का. कंबर टेपनं मोजा, दंडात जोर किती आहे ते पाहा, काटा कोपऱ्यात ठेवा. एवढं केलं नसेल तर तिच्या ताटातल्या एका घासावरही फुली मारायचा तुम्हाला अधिकार नाही. काढायचंच असेल तर चहातली साखर काढा, बिस्किटांचा पुडा काढा, तळण काढा. भाकरीनं या मुलींना जाड केलेलं नाही आणि भाकर सोडून त्यांच्यातली एकही धडधाकट होणार नाही.

आमच्याकडे रात्री आता दोन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, आंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, दही आणि फल्लीदाण्याची चटणी असते. खाणाऱ्या दोघींना अंडं. लोहाच्या गोळ्या मी स्वतःच्या हातानं देते. पाळी यायला अजून दोन महिने लागले. भाकरी मी गरम गरम थेट ताटात वाढते, आणि टोपलं ओट्यावरच ठेवते, कोणाचा हात पोचणार नाही असं.